कसाऱ्याचे दोन दिवस

मुंबईहून नाशिकास जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं कसारा स्टेशन पाहिलें नाहीं असा विरळा. पण कसाऱ्यास कांहीं कामानिमित्त उतरलेला त्याहूनहि विरळा. गाडी येथें थांबते ती उतारूंसाठीं नव्हे. पुढें थळ घाट चढावयाचा असतो. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत नऊ-साडेनऊ मैलांत सुमारें हजार फुटांचा चढ आहे, आणि कांहीं ठिकाणीं तो सदतिसास एक इतका उभा आहे. म्हणून मागून जोर लावणारीं इंजिनें गाडीला येथें जोडतात. तेवढ्या अवकाशांत आपण चहा घेतों, उन्हाळा असला तर करवंदांचा द्रोण घेतों, मागून एक धक्का बसतो, गाडी हलते, आणि आपण कसारा विसरतों. घाटाचा लोहमार्ग १८६५ सालीं खुला झाला. तेव्हांपासून ही विसरण्याची वहिवाट चालूं आहे. मीहि चाळीस वर्षें तिला अनुसरून वागलों.

२०२३ च्या कार्तिकांत मात्र मी तेथें मुद्दाम उतरलों आणि दोन दिवस राहिलों. प्रसंग असा झाला. माझी सारी उमर एका कचेरींत कामगारांचे दावे तपासण्यांत गेली. आजाराचे, अपघाताचे, आणि नोकरीच्या अखेरच्या वर्षांत नोकरी गेल्याचे. बेकारीचा दावा तपासणाराला चार प्रश्न विचारावे लागतात. हा इसम खरोखरच बेकार आहे काय? त्यानें आपण होऊन तर काम सोडलें नाहीं? देऊं केलेलें काम त्यानें नाकारलें नाहीं ना? आणि चौथा, हें सर्व कोणत्या कागदावरून सिद्ध होतें? पहिले तीन प्रश्न नियमांच्या पुस्तकांत असतात. टेबलावर रोज येतो तो चौथाच. तो विचारतां विचारतां माणसाची नजर अशी होते कीं लग्नपत्रिका हातांत आली तरी प्रथम तारीख पाहावी, मग सही, मग जावक क्रमांक.

माझे एक बालमित्र कसाऱ्याच्या बाजूला शाळामास्तर होते. पेन्शन झाल्यावरहि ते तेथेंच राहिले. दिवाळीनंतर एके रात्रीं त्यांचा टेलिफोन आला. "तूं जन्मभर लोकांचे अर्ज नापास केलेस," ते म्हणाले, "आतां एकदां येऊन आमचे कर, म्हणजे तालुक्याचा कारकून काय खोड काढील तें आधींच कळेल." पाड्यावरच्या तेरा कुटुंबांना रोजगार हमीचें काम मागून मिळालें नव्हतें, आणि कायद्यानें अशा वेळीं जो बेकारभत्ता द्यावा लागे तो मागण्याचा त्यांचा विचार होता.

जेवतांना ही गोष्ट घरांत निघाली. आमच्या सूनबाई बँकेंत आहेत. त्यांचा हिशेब चोख. त्या म्हणाल्या, "मामंजी, विमा म्हटला कीं हप्ता हवा. त्या लोकांनीं हप्ता कधीं भरला?" मीं त्यांना त्यांचेंच पगारपत्रक आणावयास सांगितलें. त्यांत एक ओळ होती : व्यवसायकर, रुपये २००. फेब्रुवारींत ती ३०० होते, मिळून वर्षाचे २,५००. आपल्या घरांत जितकीं पगारपत्रकें येत असतील तितक्यांत वाचकांनीं ही ओळ शोधून पाहावी. हा कर १९७५ च्या कायद्यानें महाराष्ट्रांत बसला तो मुळीं रोजगार हमीच्या खर्चासाठींच, आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावी असें ठरलें. "म्हणजे हप्ता तुम्हीं भरतां आणि दावा कसाऱ्याची बाई करते," मी म्हणालों. आमचे चिरंजीव मान खालीं घालून भात कालवीत होते. पंधरा वर्षें आपण ही ओळ 'किरकोळ कपात' समजत आलों, असें त्यांनीं कबूल केलें.

ही हमी आपल्याच प्रांताची निर्मिति आहे, आणि तिचा अभिमान बाळगावयास हरकत नाहीं. विधानपरिषदेचे त्या वेळचे सभापति वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें तिचा पहिला प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळांत ती राज्यभर उपयोगीं पडली. १९७७ सालीं कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. 'मागेल त्याला काम' हें त्याचें सूत्र. काम न दिल्यास आरंभीं रोजचा एक रुपया भत्ता. रक्कम हंसण्यासारखी वाटेल. पण सरकारनें काम न दिल्याबद्दल सरकारनेंच दंड भरावा, ही कल्पना त्या रुपयांत होती. पुढें २००५ सालीं केंद्रानें देशाकरितां असाच कायदा केला. त्यांत घरटी वर्षाला शंभर दिवस काम, अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत, आणि न दिल्यास पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान चौथा हिस्सा व पुढें निदान निम्मा भत्ता, अशी तरतूद होती. २०२३-२४ सालीं महाराष्ट्रांतील मजुरीचा दर २७३ रुपये होता. चौथा हिस्सा ६८ रुपये २५ पैसे.

बाहेरच्या जगांत ही गोष्ट अधिक जुनी. इंग्लंडांत १९११ च्या कायद्यानें बेकारीचा सक्तीचा विमा सुरू झाला. पण महायुद्धानंतर बेकारी वाढली तेव्हां तेथें अशी अट आली कीं, आपण मनापासून काम शोधीत आहों हें अर्जदारानें स्वतःच सिद्ध करावें. ज्या गांवांतील खाण बंद पडली हें पोराठोरांना ठाऊक, तेथल्या माणसानेंहि दारोदार हिंडून नकार गोळा करावे आणि ते कचेरींत मोजून दाखवावे! १९३० सालीं ती अट काढून टाकावी लागली. आपल्याकडे प्रा. अदारकर यांनीं १९४४ सालीं कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना मांडली व तिच्यावरून १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. त्यांत आजार, बाळंतपण व अपघात होते, बेकारी नव्हती. ती २००५ सालीं आली. २०१८ पासून आणखी एक योजना आली, तिच्यांत पहिल्यानें अर्ज शेवटल्या मालकाच्या हातून यावा लागे. २०२० सालीं ती अट गेली. ज्यानें काम काढून घेतलें त्याच्याच सहीनें बेकारी सिद्ध व्हावयाची, हा चमत्कार दोन वर्षें चालला. तो कारखान्यांपुरता संपला. कसाऱ्यास मला तोच निराळ्या वेषांत भेटावयाचा होता, पण तें नंतर.

कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीं, म्हणजे २८ नोव्हेंबरला, मी पहाटेच्या कसारा लोकलनें निघालों. टिटवाळ्यापर्यंत गणपतीला जाणारीं माणसें असतात. आसनगांवांस माहुलीचे सुळके दिसूं लागतात आणि डबा निम्मा रिकामा होतो. पुढें आटगांव, खर्डी, उंबरमाळी. शहराची गाडी आहे, पण खिडकीबाहेर शहर नाहीं. या तालुक्यांत तानसा आहे, भातसा आहे. तानशाचें धरण १८९२ चें. मुंबईच्या नळाला जें पाणी येतें त्याचा फार मोठा वांटा शहापुरांतून जातो, आणि याच तालुक्यांतील पाड्यांवर चैत्र-वैशाखांत टँकरची वाट पाहात हंडे रांगेनें मांडलेले असतात. हें वर्तमानपत्रांतून इतक्या वेळां आलें आहे कीं आतां कोणाला त्याचें आश्चर्य वाटत नाहीं.

कसाऱ्यास उतरल्यावर बाहेर नाशिकच्या टॅक्सीवाल्यांची ओरड असते. तिच्यांतून बाहेर पडलें कीं गांव एकदम शांत होतें. मास्तर छत्री घेऊन उभे होते. ऊन असो वा पाऊस, छत्री त्यांची. आम्ही पायीं निघालों. वाट घाटाच्या कुशीनें जाते. डावीकडे उंच डोंगर, त्याच्या अंगावरून आगगाडीचा मार्ग बोगद्याबोगद्यांतून वर चढत गेलेला. मध्येंच एखादी मालगाडी कण्हत वर जातांना ऐकूं येते, बराच वेळ दिसत नाहीं, आणि दिसते तेव्हां मुंगीएवढी. खालीं भाताचीं खाचरें कापून झालीं होतीं. खळ्यांवर पेंढ्या रचलेल्या. उतारावरच्या वरकस जमिनींतली नागलीहि निघाली होती. येथें ठाकूर, कातकरी, महादेव कोळी अशी वस्ती आहे. जमीन असलीच तर थोडी, पाणी पावसाचें, आणि पीक एक. तें घरांत आलें कीं शेतांतलें काम संपलें. पुढला पाऊस सहा-सात महिन्यांवर. ही बेकारी कोणा मालकानें केलेली नव्हे. ती पंचांगांतच लिहिलेली आहे, आणि म्हणूनच ती आधीं कळते.

ती विटभट्टीवाल्यालाहि आधीं कळते. भिवंडी, कल्याण, टिटवाळा या बाजूच्या भट्ट्या दिवाळीनंतर लागतात. मुकादम पावसाळ्यांतच, म्हणजे घरांतले दाणे संपलेले असतां, पाड्यावर येऊन 'उचल' देऊन जातो. मग नवराबायको मुलांसह भट्टीवर जातात आणि पाऊस तोंडावर आल्याशिवाय परत येत नाहींत. फिटली तर उचल फिटते. नाहीं तर पुढल्या वर्षीं पुन्हां तीच भट्टी. वेठबिगारी कायद्यानें १९७६ सालींच बंद झाली आहे. मुलांचें नांव शाळेंत राहतें आणि मूल भट्टीवर असतें, ही मास्तरांची जन्मभरची तक्रार. मला त्यांनीं बोलावलें त्याचें खरें कारणहि तेंच. पाड्यावर काम निघालें तर निदान कांहीं घरें हलणार नाहींत, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे पंधरा दिवसांची मुदत कागदावरची नव्हती. भट्टीचा टेंपो येण्याआधीं काम आलें पाहिजे, एवढाच तिचा अर्थ होता.

पाड्यावर शाळेच्या ओटीवर मी बसलों आणि अर्ज पाहूं लागलों. काम मागण्याच्या अर्जाला नमुना ४ म्हणत. तो घेतल्यावर ग्रामपंचायतीनें तारखेसह पोंच द्यावयाची, ती नमुना ५. भत्त्याचा दावा या दुसऱ्या कागदावर उभा राही, कारण पंधरा दिवस कोणत्या तारखेपासून मोजावयाचे तें त्यावरूनच ठरे. तेरांपैकीं नऊ जणांजवळ पावती नव्हतीच. दोघांच्या पावत्यांवर सही होती, तारखेची जागा कोरी. एकाच्या अर्जांत किती दिवस काम हवें तें लिहिलें नव्हतें. निदान चौदा दिवस सलग मागावे लागत. माझ्यांतला जुना तपासनीस जागा झाला. बारा अर्ज मीं अर्ध्या तासांत नापास केले, आणि खरें सांगावयाचें तर त्यांत मला थोडें समाधानहि वाटलें. हात बसलेला असला म्हणजे असें होतें.

तेरावी एक ठाकरीण होती, पन्नाशीच्या पुढची. तिनें घरांत जाऊन कुडाच्या भिंतींत खोंचून ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी आणली. तिच्यांत रेशनकार्ड, जॉब कार्ड, आणि घडी घातलेली पावती. तारीख ७ नोव्हेंबर, सही, शिक्का. तिच्या सातवींतल्या नातवानें कचेरींत हट्ट धरून ती लिहून घेतली होती.

"ह्यो कागद खरा हाय ना, दादा?" तिनें विचारलें.

मी म्हणालों, "खरा आहे. बाविसाव्या तारखेला पंधरा दिवस भरले. आज सहावा दिवस. चारशें नऊ रुपये आणि पन्नास पैसे."

ती पैशांविषयीं कांहीं बोलली नाहीं. इतर बायकांकडे पाहून म्हणाली, "आमी समद्या संगंच गेलतो कीं. वाघबारशीच्या दोन दिस आदीं."

तें वाक्य ऐकून मीं अर्ज पुन्हां हातांत घेतले. वाघबारस म्हणजे आपली वसुबारस. त्या दिवशीं आपण गाईची पूजा करतों आणि डोंगरांतले लोक वाघाची. मीं एकेकाला निरनिराळें विचारलें, जसें पूर्वीं संशय आल्यावर विचारीत असें. कचेरींत कोण होतें, अर्ज कोणीं लिहिला, कोण आधीं निघालें. सर्वांच्या जबाबांत दिवस तोच. मास्तरांच्या घरच्या पंचांगांत पाहिलें : वसुबारस ९ नोव्हेंबर. दोन दिवस आधीं, म्हणजे ७. तेरा माणसांची साक्ष, एक लेखी पुरावा, आणि पंचांगाचा दाखला, इतकें जुळलेलें प्रकरण माझ्या टेबलावर वर्षांतून चार वेळांहि येत नसे. आणि तरी नियमानें दावा एकाच बाईचा उभा राहत होता. कारण पुरावा देणें त्यांच्या हातीं नव्हतें. तो ज्या कचेरीला भत्ता देण्याची पाळी येऊं नये असें वाटतें तिच्याच हातीं होता.

येथें एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. माझ्याकडे एकदां एका बंद पडलेल्या कारखान्यांतला फिटर आला होता. नोकरी सुटल्याचा मालकाचा दाखला त्याला हवा होता. फाटकाला कुलूप, मालक कोठें गेला कोणास ठाऊक. मीं त्याचा अर्ज तीनदां परत केला; तिन्ही वेळां एकच शेरा, 'दाखला जोडलेला नाहीं'. तिसऱ्या वेळीं तो मला म्हणाला, "साहेब, कुलपाचा फोटो चालेल का?" आम्ही तीन-चार जण हंसलों. तो पुन्हां आला नाहीं. नियम मीं केला नव्हता हें खरें. पण फाटकापर्यंत जाऊन पाहण्याची मला कोणीं मनाई केलेली नव्हती, आणि रेल्वेचा पास माझ्या खिशांत होता. कसाऱ्याच्या त्या ओटीवर तो मनुष्य कित्येक वर्षांनीं माझ्यासमोर येऊन बसला.

दुपारीं आम्ही ग्रामपंचायतींत गेलों. गांवाचें नांव मुद्दाम लिहीत नाहीं. रोजगारसेवक पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण, बारावी झालेला, मास्तरांचाच विद्यार्थी. मास्तरांना पाहून उभा राहिला आणि बसला तो खुर्चीच्या टोकावर. मीं कांहीं रागानें बोलावें अशी तयारी करून गेलों होतों. पण त्यानें लपविलें कांहींच नाहीं.

"गुरुजी, पावती दिली कीं दुसऱ्या दिवसापासून घड्याळ चालूं होतं," तो म्हणाला. "काम मंजूर नसलं तर तालुक्यावरनं मलाच विचारतात, पावती दिलीस कशाला? तोंडी सांगून ठेवायचं म्हणतात, काम आलं कीं बोलावूं."

यांतली मेख वाचकांनीं लक्षांत घ्यावी. त्या कायद्यांत मजुरीचा पैसा केंद्राकडून येई, पण बेकारभत्ता राज्याच्या तिजोरीवर पडे. दंड आपल्यावर पडूं नये यासाठीं काम वेळेवर काढावें, हा कायद्याचा उद्देश. व्यवहारांत दंड चुकविण्याची याहून सोपी वाट सांपडली. ती म्हणजे मागणीच न नोंदणें. मागणी नोंदली नाहीं कीं बेकार कोणी नाहीं. आणि या सर्वांच्या तळाशीं बसला होता हा मुलगा, ज्याचें स्वतःचें मानधन तेव्हां झालेल्या मजूर-दिवसांच्या हिशेबानें ठरे. काम निघालें नाहीं तर त्यालाहि कांहीं मिळत नसे! त्यालाच दोषी ठरवून मी घरीं येऊं शकलों असतों, पण तसें करणें म्हणजे कुलूपवाल्या फिटरचीच गोष्ट पुन्हां करणें झालें असतें.

मास्तरांनीं आवाज न चढवितां त्याला एवढेंच विचारलें, "सात तारखेची पावती आतां देतां येईल का?" तो म्हणाला, "मागली तारीख कशी घालूं?" बरोबर होतें. मागली तारीख घालावी असें मीहि कधीं म्हटलें नसतें. शेवटीं बारा जणांचे अर्ज नव्यानें भरले. मीं दिवसांचा आंकडा, सह्या, अंगठे तपासले. त्यानें बारा पावत्या लिहिल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली, २८ नोव्हेंबर. लिहितांना त्याचा हात किंचित् थबके, पण त्यानें लिहिल्या. ठाकरणीचा भत्त्याचा दावा निराळा करून त्याची पोंच घेतली. खाचरांचे बांध दुरुस्त करण्याचें, ज्याला इकडे मजगीचें काम म्हणतात, एक अंदाजपत्रक तालुक्यांत पडून होतें. तें हलविण्यासाठीं त्यानें आमच्यादेखत टेलिफोनहि केला. तहसीलदार हे या योजनेचे कार्यक्रम अधिकारी असत. त्यांच्या नांवें मास्तरांनीं एक विनंतीपत्र लिहिलें. त्यांत मीं तीन ओळी कमी केल्या आणि एक तारीख वाढविली.

संध्याकाळीं मास्तरांकडे पिठलें, नागलीची भाकरी आणि नव्या तांदळाचा भात जेवलों. मी खुशींत होतों. बारा पावत्या! मास्तर मात्र बोटांवर कांहीं मोजीत बसले होते. "आज अठ्ठावीस," ते म्हणाले. "पंधरा दिवस म्हणजे तेरा डिसेंबर. वाघबारशीच्या आधींची तारीख असती तर मुदत बावीस नोव्हेंबरलाच संपलेली असती. भट्टीचा टेंपो परवां यायचा आहे." एकवीस दिवसांचें अंतर. मला तें कळत नव्हतें असें नाहीं; पावत्यांच्या आनंदांत तिकडे पाहिलें नव्हतें.

दुसरा दिवस मीं पाड्यावरच घालविला. कोणी भात झोडीत होतें, कोणी कूड सारवीत होतें, दोन घरांपुढें भांडीं बांधून ठेवलेलीं. एका घराच्या दाराला कुलूप नव्हतें, काट्याची फांदी लावलेली होती. तीं माणसें आदल्या रात्रींच गेलीं होतीं. तेरांपैकीं तें एक घर. संध्याकाळच्या लोकलला मास्तर मला पोंचवावयास आले. फलाटावर माझ्या बांकाशीं एक कुटुंब होतें : नवरा, बायको, दोन मुलें, एक बोचकें, दोन पातेलीं, आणि टोपलीखालीं झांकलेली कोंबडी. त्या माणसाचा अंगठा मीं काल स्वतः तपासला होता. टिटवाळ्याच्या अलीकडे खडवलीस उतरून तीं भट्टीवर जाणार होतीं. टेंपोची वाट पाहिली असती तर भाड्याचे पैसे उचलींत मांडले असते.

त्यानें खिशांतून पावती काढून मला दाखविली. विचारलें, "सायेब, मी भट्टीवर असतां हिकडं कामाचं बोलावणं आलं, तर काय?"

हा प्रश्न माझा होता. म्हणजे माझ्या धंद्यांतला तिसरा, देऊं केलेलें काम नाकारलें काय, हा. उत्तर कायद्यांत स्पष्ट होतें. बोलावणें आल्यापासून पंधरा दिवसांत जो हजर होणार नाहीं त्याचा भत्त्याचा हक्क तीन महिने बंद. म्हणजे कालपर्यंत त्याच्याजवळ कागद नव्हता म्हणून तो बेकार ठरत नव्हता, आणि आतां कागद झाला म्हणून तो काम नाकारणारा ठरणार होता. मीं त्याला तें सांगितलें. जितकें सोपें करून सांगतां येईल तितकें सांगितलें. त्यानें मान डोलावली. "उचल घेतलीया," एवढेंच म्हणाला, आणि पावती बायकोजवळ दिली. तिनें ती मोठ्या पातेल्यांत तांदळाच्या पुडीखालीं ठेवली.

पलीकडल्या फलाटाला नाशिककडे जाणारी एक गाडी उभी होती. मागें इंजिनें लागत होतीं. खिडक्यांतून लोक चहा घेत होते. धक्का बसला, गाडी हलली. आमची लोकल उलट दिशेला निघाली. खडवलीस तें कुटुंब उतरलें. कोंबडीची टोपली मुलीनें डोक्यावर घेतली होती.

घरीं आल्यावर सूनबाईंनीं सारें विचारून घेतलें. "मग हप्ता आम्ही भरला आणि दावा कोणीं केलाच नाहीं, असें झालें," त्या म्हणाल्या. मीं त्यांना दुरुस्त केलें, कीं एकीनें केला आहे.

यानंतर कायदाहि बदलला. २०२५ च्या डिसेंबरांत संसदेनें २००५ च्या कायद्याच्या जागीं नवा कायदा संमत केला. शंभर दिवसांचे सव्वाशें केले, आणि पेरणी-कापणीच्या हंगामांत कामें कांहीं काळ थांबविण्याची तरतूद घातली. दिवस वाढले हें चांगलेंच. मागणीची तारीख कोण लिहितो, याकडे मात्र माझें लक्ष राहील. जुनी खोड जात नाहीं.

मास्तरांचें पत्र त्याच वर्षीं पौषांत आलें होतें. ते अजून पत्रेंच लिहितात, टेलिफोन निकडीपुरता. मजगीचें काम डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत निघालें आणि पांच घरें पाड्यावर राहिलीं. त्या पांच घरांतलीं सात मुलें शाळेंत येत होतीं. त्यांचीं नांवें त्यांनीं एकेक लिहिलीं होतीं. ठाकरणीचा दावा तालुक्यांत होता, आणि ती दर सोमवारीं त्याची चौकशी करावयास मास्तरांकडे येत असे. खडवलीस उतरलेल्या त्या माणसाला बोलावणें निघालें, तें त्याच्या बंद दाराला चिकटविलें, आणि मुदत भरल्यावर त्याच्या नांवापुढें 'गैरहजर' असा शेरा पडला. शेऱ्याखालीं तारीख अगदीं स्वच्छ लिहिलेली आहे, असें मास्तरांनीं मुद्दाम कळविलें होतें.